सोलर रोबोट किट मुलांसोबत जोडायचंय? आधी ऊन बघा, मग खोका उघडा

आमच्याकडे पहिलं सोलर रोबोट किट आलं ते जुलैमधे, लेकाच्या आठव्या वाढदिवसाला, आणि केक कापून झाला तसा संध्याकाळी सातलाच खोका फोडला. साडेनऊपर्यंत आम्ही दोघं फरशीवर बसून शेपूट हलवणारा कुत्रा जोडत होतो, जेवणं तशीच राहिली, आणि कुत्रा झाला पण हो, मस्त झाला, मग ट्यूबलाइटखाली धरला तर ढिम्म. मोबाईलचा टॉर्च मारला, ढिम्म. नवऱ्याने अभ्यासाचा टेबललॅम्प आणून अगदी त्याच्या पाठीला टेकवला, तरी ढिम्म. पोरगं रडत झोपलं, पुढचे चार दिवस पाऊस, आणि पाचव्या दिवशी लख्ख ऊन पडलं तेव्हा साहेब शाळेत आणि गॅलरीत कुत्रा एकटाच शेपूट हलवतोय.

त्यानंतर तीन किटं जोडून झाली, दोन आमची आणि एक भाचीचं, शिवाय बिल्डिंगमधली पोरं आपापली बंद पडलेली घेऊन येतात ती वेगळी. त्यामुळे जे काही कळलंय ते एकदा लिहून टाकते. खोक्यातल्या कागदावर कुठला पार्ट कुठे बसवायचा एवढंच असतं, आणि खरी अडचण नेमकी त्या कागदावर नसलेल्या गोष्टींची येते.

घेताना

खोक्यावर १४ इन १, १२ इन १ असं मोठ्या अक्षरात लिहिलेलं असतं ना, त्याचा अर्थ १४ रोबोट मिळतात असा नाहीये. मोटर एक, सोलर पॅनल एक, गिअरबॉक्स (दातेरी चाकांची डबी) एक, आणि त्याच्याभोवती लावायचे पाय-चाकं-शेपट्या वेगवेगळ्या. म्हणजे एकावेळी एकच बनतो, खेकडा हवा असेल तर कुत्रा मोडायचा. दोन मुलं असतील तर एक मोठं किट घेण्यापेक्षा दोन छोटी सहा इन एकवाली घ्या, नायतर एकाचं कासव चालू असताना दुसऱ्याला होडी हवी असते आणि मग मधे तुम्ही. मी पाहिलेली किटं साधारण पाचशे ते दीड हजारात येतात, त्यात महागडं म्हणजे चांगलं असं काही नाही.

आयएसआय मार्क बघा. १ जानेवारी २०२१ पासून आपल्याकडे १४ वर्षांखालच्या मुलांच्या खेळण्यांना तो सक्तीचा आहे, आणि विजेवर चालणाऱ्या खेळण्यांसाठी जो नंबर असतो तो आयएस १५६४४. मार्क नसलेली स्वस्त किटं अजून बाजारात दिसतात, मी एक घेतलंय पण, त्याचे गिअर इतके वेडेवाकडे ओतलेले होते की दोन रविवार त्यात गेले.

वयाचं म्हणाल तर खोक्यावर ८+ किंवा १०+ असतं आणि ते बरोबर आहे. सहा-सात वर्षाचं मूल शेजारी बसून पार्ट शोधून देऊ शकतं, स्टिकर लावू शकतं, पण गिअर बसवणं त्याच्या बोटांना नाही जमत आणि ते चिडतं. घरात रांगणारं बाळ असेल तर हे काम टेबलावरच, आणि ते झोपल्यावर, कारण यातले काही पार्ट हरभऱ्याएवढे असतात आणि बाळाला ते हरभरेच वाटतात. एक फायदा मात्र सांगते, फक्त सोलरवर चालणाऱ्या किटमधे ते गोल चपटे बटन सेल नसतात. पोटात गेला तर फार धोकादायक असतो तो सेल, त्यामुळे मला हे किट रिमोटच्या खेळण्यांपेक्षा बरं वाटतं.

हायब्रिड म्हणून एक प्रकार मिळतो, त्यात पॅनल पण आणि पेन्सिल सेल घालायची डबी पण. मुंबई-कोकणात राहत असाल आणि जून ते सप्टेंबरमधे घेणार असाल तर हेच घ्या, वाद नको. एरवी पहिलं किट नुसतं सोलरचं असावं असं माझं मत आहे, कारण सेलची डबी हाताशी असली की मूल उन्हाकडे बघतच नाही, खटका दाबला चाललं, संपलं.

अजून एक, गिअरबॉक्स आधीच जोडून सीलबंद करून दिलेला असेल तर ते किट सोडून द्या. जोडायला सोपं पडतं हे खरं, पण शिकण्यासारखं जे काय आहे ते सगळं त्या डबीत आहे, ते कंपनीनेच करून दिल्यावर मुलाला उरतात स्टिकर.

बसायच्या आधी

शनिवार-रविवार सकाळी नऊला सुरू करा. पहिल्या मॉडेलला दोन-अडीच तास जातात (कागदावर अर्धा तास लिहिलेला असतो, तो कोणाचा अर्धा तास असतो देव जाणे) म्हणजे साडेअकरा-बाराला तो तयार होतो आणि नेमकं तेव्हाच ऊन डोक्यावर असतं. तुमच्या गॅलरीत ऊन किती वाजता येतं ते आदल्या दिवशी बघून ठेवा. आमच्याकडे पूर्वेची गॅलरी आहे, अकरानंतर तिथे सावली, त्यामुळे आम्ही गच्चीची किल्ली आधीच मागून ठेवतो.

हत्यारं फार लागत नाहीत. नेलकटर, चष्म्याच्या स्क्रूचा बारीक प्लस स्क्रू ड्रायव्हर, भुवयांचा चिमटा, आणि नखं घासायची कानस. स्टीलची दोन ताटं घ्या, एकात सुटे पार्ट, दुसऱ्यात फक्त स्क्रू. सतरंजीवर अजिबात बसू नका, तिथे पडलेला स्क्रू थेट दिवाळीच्या साफसफाईत सापडतो.

आता सगळ्यात महत्त्वाचं, काहीही जोडायच्या आधी पॅनल आणि मोटर तपासा. पॅनलला दोन वायरी असतात, लाल आणि काळी, मोटरला दोन टोकं असतात, ती नुसती एकमेकांना पिळून जोडायची आणि उन्हात न्यायचं. मोटरच्या दांडीला चिकटपट्टीचा छोटा झेंडा लावा म्हणजे फिरतंय की नाही ते दिसतं, नुसती दांडी इतकी गुळगुळीत असते की ती फिरत असली तरी कळत नाही. झेंडा गरगरला की किट चांगलं आहे, आता पुढे काही बिघडलं तर ते आपल्या जोडणीत आहे हे नक्की. नाही गरगरला तर लगेच परत पाठवा, पार्ट कापून झाल्यावर कोणी परत घेत नाही. ही पाच मिनिटांची गोष्ट आम्ही पहिल्या वेळी केली नव्हती म्हणून त्या रात्री आम्हाला हेच कळेना की कुत्रा चुकलाय, मोटर मेलीये की उजेड कमी आहे.

पार्ट सोडवणं

सगळे पार्ट एका प्लॅस्टिकच्या जाळीला चिकटून येतात, प्रत्येकाशेजारी नंबर असतो. मुलांना एकदम सगळे तोडायची घाई असते कारण तोडायला मजा येते, पण तोडला की नंबर गेला आणि मग दोन सारख्याच दिसणाऱ्या दांड्या घेऊन बसा. म्हणून आधी जाळीचा मोबाईलवर फोटो काढायचा, आणि ज्या पायरीला जो पार्ट लागतो तेवढाच तोडायचा. हाताने पिळून नाही, नेलकटरने. हाताने पिळला की पार्टाचा लचका निघतो किंवा उलट त्याला कुसळ राहतं.

ते कुसळ म्हणजे या खेळण्याचा एक नंबरचा शत्रू. गिअरच्या कडेला अर्ध्या मिलिमीटरचं कुसळ राहिलं तरी ते प्रत्येक फेरीत शेजारच्या दात्याला अडतं, मोटर इतकी अशक्त असते की तिला तेवढं पण झेपत नाही. तेव्हा कापल्यावर कानस मारा आणि मुलाला डोळे मिटून बोट फिरवून बघायला सांगा. लहान मुलांची बोटं आपल्यापेक्षा जास्त बारीक सांगतात, मला गुळगुळीत वाटलेलं भाचीला दोनदा टोचलं होतं आणि तिचंच बरोबर निघालं.

गिअरबॉक्स

इथे घाई करायची नाही, चहा घेऊन बसा. एवढ्याशा पॅनलवर मोटर फिरते वेगात पण तिच्यात जोर काहीच नसतो, बोट लावलं की थांबते. चालायला उलटं हवं असतं, वेग कमी आणि जोर जास्त, तो सौदा गिअर करतो. मोटरवरच्या पिटुकल्या चाकाला समजा ८ दाते आहेत आणि ते ज्याला फिरवतं त्याला ३२, तर छोटं चार वेळा फिरेल तेव्हा मोठं एकदा. त्या मोठ्याच्याच पोटाला अजून एक ८ दात्यांचं चिकटलेलं असतं, ते पुढच्या ३२ वाल्याला फिरवतं, म्हणजे चार चोक सोळा. मोटर सोळा वेळा फिरली की चाक एकदा, आणि घर्षणात थोडा जातो तो सोडला तर जोर जवळपास सोळापट. हे तुम्ही सांगू नका, मुलालाच दाते मोजायला लावा, स्केचपेनने एका दात्यावर खूण करून. आमच्याकडे पाढ्यांवरून रोज रडारड असायची, त्या दिवशी स्वतःहून गुणाकार केला गेला आणि मी तोंडातून ब्र काढला नाही. गिअरची सायकल असेल तर ती पण आणा, चढावर गिअर टाकल्यावर पाय गरागरा फिरतात आणि सायकल हळूहळू पण निवांत चढते, तेच हे.

जोडताना प्रत्येक गिअर बसवला की बोटाने फिरवून बघायचा, पुढचा लावायच्या आधी. शेवटी एकदम बघू असं केलं तर कुठला अडतोय ते कळायला सगळं उघडावं लागतं. दांडी घट्ट जात असेल तर हातोडी नको, दांडी टेबलावर उभी धरायची आणि गिअर वरून सरळ दाबायचा. काही दांड्यांची एक बाजू चपटी असते, गिअरचं भोकही तसंच असतं, ते जुळलं नाही तर गिअर दांडीवर नुसता घसरत राहतो, आवाज येतो पण पाय हलत नाहीत.

आणि फेविक्विक लांब ठेवा, हात जोडून सांगते. एखादा पार्ट ढिला वाटला की बाबा लोकांचा हात पहिल्यांदा तिकडेच जातो, पण ते पातळ असतं, ओघळून गिअरमधे जातं आणि मग तो गिअरबॉक्स कायमचा शोभेचा. ढिल्या जागी चिकटपट्टीचा एक वेढा पुरतो. तेल पण नको, किटसोबत ग्रीसची पुडी आली असेल तर टाचणीच्या टोकावर येईल एवढंच, नसेल तर कोरडंच चालतं.

स्क्रूचं सांगायचं राहिलं. पूर्ण आवळायचे नाहीत. मोठी माणसं सवयीने करकचून आवळतात, त्याने प्लॅस्टिकची डबी दबते आणि आतले गिअर चेंगरतात. माझ्याकडे दुरुस्तीला आलेल्या रोबोटांत निम्म्यांचं दुखणं हेच, स्क्रू पाव फेरा ढिला केला की चालायला लागतात आणि मला फुकटची वाहवा मिळते.

पॅनल आणि ऊन

पॅनल नीट बघा, त्यावर काळपट निळे पट्टे दिसतात, बहुतेक चार-पाच. प्रत्येक पट्टा म्हणजे एक सिलिकॉनचा सेल, आणि तो कितीही लहान-मोठा असला तरी साधारण अर्धा व्होल्टच देतो. चार पट्टे एकामागोमाग जोडले की दोन व्होल्ट. आता मुलाला एकाच पट्ट्यावर बोट ठेवायला सांगा, बाकीचे तीन उन्हात. वाटतं की पाऊण वेग राहील, पण रोबोट जवळजवळ थांबतोच, कारण हे पट्टे साखळीने जोडलेत आणि सगळ्यांना तोच करंट वाहून न्यायचाय, एक अडला की सगळे अडले. घरावर सोलर बसवलेल्या लोकांना विचारा, पाण्याच्या टाकीची सावली एका कोपऱ्यावर पडते म्हणून बिल कसं वाढतं ते.

मग त्या रात्री ट्यूबलाइटखाली कुत्रा का नाही हलला? आपल्याला घरातला उजेड भरपूर वाटतो पण तो डोळ्यांचा चांगुलपणा आहे. भर दुपारचं ऊन साधारण १ लाख लक्स (लक्स म्हणजे उजेड मोजायचं माप) असतं आणि आपल्या हॉलमधे रात्री दोनशे-तीनशे लक्स, म्हणजे शेकडो पटींचा फरक. गंमत म्हणजे वीज मोजायचा मल्टिमीटर असेल तर तो ट्यूबलाइटखाली पण एक-दीड व्होल्ट दाखवू शकतो आणि तरी मोटर हलत नाही. हे लेकाला समजावताना मी टाकीचं उदाहरण दिलं, टाकी गच्चीवर आहे, उंची तीच, पण नळाला करंगळीएवढी धार, त्यात बादली कधी भरणार. व्होल्टेज म्हणजे टाकीची उंची आणि करंट म्हणजे धार, आणि मोटरला धार लागते.

खिडकीतून येणारं ऊन पण फसवं असतं. साध्या काचेतून बऱ्यापैकी येतं पण हल्ली सगळीकडे काळसर किंवा आरशासारख्या काचा असतात, त्यातून आलेल्या उन्हात आमचं कासव दोन पावलं टाकून थबकतं. काच सरकवा, नाहीतर गच्चीवर चला.

पॅनल उन्हाला सरळ तोंड करून असलं पाहिजे. साठ अंश कलतं झालं की त्याच्यावर पडणारं ऊन थेट निम्मं होतं. मेच्या मध्यावर पुण्या-मुंबईत सूर्य दुपारी बरोबर डोक्यावर येतो, तोच तो शून्य सावलीचा दिवस, त्या सुमारास पॅनल आडवं असलं तरी चालतं. पण डिसेंबरात दुपारी बाराला सुद्धा सूर्य आपल्याकडे दक्षिणेला कललेला, क्षितिजापासून साधारण ४८ अंशांवर असतो, तेव्हा पॅनलखाली उत्तरेच्या बाजूला खोडरबराचा तुकडा घालून त्याचं तोंड दक्षिणेला करा, फरक लगेच दिसतो. अडचण एवढीच की रोबोट वळला की पॅनल पण वळतं, आमचा बीटल (भुंग्याचं मॉडेल) एका दिशेने धावायचा आणि परत येताना दमायचा, हे का होतंय ते शोधायला पोरांना अख्खी दुपार लागली आणि मी सांगितलं नाही.

उन्हात एक नियम पक्का, सूर्याकडे बघायचं नाही, सूर्य कुठेय ते सावलीवरून शोधायचं. आणि मेमधे गच्चीवर चप्पल.

चालत नाही तेव्हा

आधी बोटाने हलकासा धक्का द्या. थांबलेली मोटर सुरू करायला जास्त जोर लागतो, एकदा फिरायला लागली की कमी उन्हात पण फिरत राहते, बंद पडलेली गाडी ढकलून सुरू करतात तसं. धक्क्याने चालला तर ऊन थोडं कमी आहे किंवा कुठेतरी किंचित घासतंय.

उलटा चालत असेल तर काही बिघडलेलं नाही, लाल-काळी वायर अदलाबदल करा. खरं तर मुद्दाम उलटी लावून दाखवा, मुलांना ते फार आवडतं, शेपूट मात्र दोन्ही बाजूंनी सारखीच हलते आणि चाकं उलटी फिरतात, असं का, हा प्रश्न त्यांच्यावर सोडा.

मोटरचा बारीक गुंईं आवाज येतोय पण पाय हलत नाहीत, तर मोटरवरचं पिटुकलं चाक पुढच्या गिअरला टेकतच नाहीये किंवा कुठलातरी गिअर दांडीवर सुटा फिरतोय. आवाज पण नाही तर वायर. वायरी केसासारख्या बारीक असतात आणि पॅनलला जिथे चिकटवलेल्या असतात तिथेच तुटतात, कारण मुलं रोबोट वायरीला धरून उचलतात. सुरुवातीलाच त्या जागी चिकटपट्टीचा तुकडा लावून ठेवा. तुटलीच तर टीव्ही-मिक्सर दुरुस्त करणारे दहा सेकंदात सोल्डर मारून देतात. मोटर किंवा पॅनल वेगळं हवं असेल तर मुंबईत लॅमिंग्टन रोड, पुण्यात तापकीर गल्ली, दुकानदाराला किट नेऊन दाखवायचं आणि मुलाला सोबत न्यायचं.

चालतोय पण एका बाजूला गोल गोल, तर एका बाजूचे पाय थोडे कमी-जास्त बसलेत. आणि जागच्या जागी थरथरत असेल तर तो गुळगुळीत फरशीवर आहे, वर्तमानपत्र टाका खाली. एकाने आमच्याकडे पावडर मारलेल्या कॅरमबोर्डवर खेकडा सोडला होता, खेकड्याने पाय मारून मारून जीव दिला पण एक इंच सरकला नाही.

पावसाळ्यात

एलईडी दिव्याच्या नादी लागू नका. सिलिकॉनला तांबडा आणि त्याच्याही पलीकडचा, डोळ्यांना न दिसणारा उजेड चांगला मानवतो, एलईडीत तांबडा कमी आणि तो पलीकडचा तर जवळजवळ नसतोच. जुना तारेचा पिवळा बल्ब असेल शंभर वॅटचा किंवा हॅलोजन, तर त्याच्यासमोर चालतो. पण तो बल्ब भयंकर तापतो, वीतभर अंतर तरी ठेवायचं, मोठ्या माणसाने धरायचा आणि दोन-तीन मिनिटांत बंद करायचा. भाचीच्या कासवाची पाठ एका बाजूने मऊ झालीये ती यामुळेच, अर्थात ती आता ते कासव जखमी आहे असं सांगते.

नाहीतर पावसाळ्यात सोलर सोडा आणि मोटरच बनवा. आपल्या पुण्याचे अरविंद गुप्ता, टाकाऊतून विज्ञानाची खेळणी करणारे, ज्यांना २०१८ मधे पद्मश्री मिळाली, त्यांची ती साधी मोटर माहितीये ना, एक सेल, दोन सेफ्टी पिना, एक चुंबक आणि इनॅमल लावलेल्या तांब्याच्या तारेचं वेटोळं. ती एकदा केली की किटमधल्या त्या चंदेरी डबीत काय चाललंय ते मुलाला दिसतं. वेटोळ्याच्या एका टोकाचं इनॅमल पूर्ण खरवडायचं आणि दुसऱ्याचं फक्त अर्ध्या बाजूचं, इथेच सगळे चुकतात.

जोडून झाल्यावर काय

दोन दिवस कौतुक होतं, तिसऱ्या दिवशी तो शोकेसमधे जातो. ते टाळायचं असेल तर त्याच्यावर प्रयोग करा. फरशीच्या चार लाद्या ओलांडायला किती सेकंद लागतात ते सकाळी नऊला, बाराला आणि चारला मोजायचं आणि दारामागे कागदावर लिहायचं. संक्रांतीचे उरलेले रंगीत पतंग फाडून पॅनलवर एकेक रंग धरायचा, कुठल्या रंगाखाली सगळ्यात कमी दमतो बघायचं, आधी पैज लावायची. होडी असेल तर परातीत पाणी, परात गच्चीवर. पुठ्ठ्याचा उतार करून किती चढतो ते बघायचं.

याला रोबोट म्हणायचं का यावरून आमच्याकडे भांडण झालेलं. याला मेंदू नाही, सेन्सर नाही, भिंत आली की भिंतीला धडकत राहतो. माझ्या मते हे मोटरचं खेळणं आहे. पण १९९० च्या आसपास मार्क टिल्डन नावाच्या रोबोट बनवणाऱ्या शास्त्रज्ञाने बीम नावाचा प्रकार आणला, कॉम्प्युटर न घालता सोलरवर चालणारे किड्यांसारखे रोबोट, त्यावरून लेकाचं म्हणणं की चालतो तर रोबोटच. त्यातली एक युक्ती बारा-तेराच्या मुलांना जमते, पॅनल थेट मोटरला न जोडता मधे कपॅसिटर टाकायचा. अंधुक उजेडात पॅनल थेंब थेंब वीज कपॅसिटरमधे साठवतं, पुरेशी झाली की एका दमात मोटरला देतं आणि किडा टुणकन पुढे सरकतो, मग परत साठवत बसतो. दोन ट्रान्झिस्टर, एक रेझिस्टर, कपॅसिटर आणि लुकलुकणारा एलईडी, एवढ्यात होतं, पॅनल जुन्या बागेतल्या सोलर दिव्याचं चालतं. सोल्डरिंग मात्र तुमच्यासमोर.

आणि चंद्रावरचा प्रज्ञान रोव्हर आहेच की. चंद्रयान ३ उतरलं २३ ऑगस्ट २०२३ ला, चंद्राच्या त्या भागात नुकतंच उजाडलं होतं तेव्हा, म्हणजे त्यांनी पण आधी ऊनच बघितलं. २६ किलोचा सहा चाकी रोव्हर, ५० वॅटचं पॅनल. चंद्रावरचा दिवस आपल्या साधारण चौदा दिवसांचा, तो संपत आल्यावर सप्टेंबरच्या सुरुवातीला त्याला झोपवला आणि झोपवताना पॅनल पुढच्या सूर्योदयाकडे तोंड करून ठेवलं. तो उठला नाही. लेकाने हे ऐकून कुत्र्याला रोज रात्री गॅलरीत पूर्वेकडे तोंड करून ठेवायला सुरुवात केली, आणि खरंच, सातच्या सुमारास कोवळ्या उन्हात काही नाही, साडेआठला शेपूट सुरू.

मोठ्यांसाठी एक गोष्ट, हात मागे बांधून बसा. दुसरं किट आलं तेव्हा सासऱ्यांनी रात्री पोरं झोपल्यावर अख्खं जोडून ठेवलं, सकाळी सरप्राइज म्हणून. आयुष्यभर मशिनवर काम केलेला माणूस, जोडणी बघत राहावी अशी सुबक. पोराने ते बघितलं, थँक्यू आजोबा म्हणाला आणि शाळेचं दप्तर भरायला लागला. आजोबांना कळलं, त्यांनी काही न बोलता स्क्रू ड्रायव्हर घेतला, सगळं परत सुटं केलं आणि ताट त्याच्यापुढे सरकवलं. मुलाने गिअर उलटा बसवला तर बसवू द्या, पुढच्या पायरीला त्यालाच कळतं. तुम्ही फक्त नेलकटर द्यायचा आणि पडलेला स्क्रू शोधायचा.

ठेवताना पॅनल मऊ सुती कपड्याने पुसा, ओरखडे आले की उजेड कमी जातो. धुळीचं तर काय सांगावं, मंगळावरचा ऑपर्च्युनिटी रोव्हर ९० दिवसांसाठी गेला होता, २००४ पासून २०१८ पर्यंत चालला आणि शेवटी धुळीच्या वादळानेच गेला. प्रत्येक मॉडेलचे जादा पार्ट वेगळ्या झिपच्या पिशवीत, पिशवीत जाळीच्या फोटोची प्रिंट. कागद हमखास हरवतो म्हणून त्याचे पण फोटो काढून ठेवा, दोन्ही बाजूंचे, मागच्या बाजूला खेकडा असतो.